नोटीस येते तेव्हा फार उशीर झालेला असतो: नगररचनाकाराचे टेबल आणि आपले मोहल्ले

जानेवारी महिन्यात राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी डिसेंबरमध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका उरकल्या. काही शहरांत २०२० पासून, तर बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, तेव्हा कुठे हे गाडे हलले. आता नगरसेवक आले आहेत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात दिलेल्या आश्वासनांचा हिशेब सुरू झाला आहे. कुणी कब्रस्तानाला जागा देणार होते, कुणी उर्दू शाळेला इमारत, कुणी गल्लीचा रस्ता, तर कुणी घरे नियमित करून देणार होते.

ही चारही आश्वासने महापालिकेतल्या एकाच खात्यातून जातात. त्या खात्याचे नाव नगररचना विभाग. पाणी, गटार, दिवाबत्ती यांची खाती आपल्या लोकांना तोंडपाठ असतात. घरपट्टीच्या खिडकीवर तर दरवर्षी जावेच लागते. नगररचना विभागाची पायरी मात्र बहुतेक जण दोनदाच चढतात: घर बांधायची परवानगी घ्यायला, नाहीतर घर पाडायची नोटीस आल्यावर. मधल्या वीस वर्षांत त्या टेबलावर काय चालते, याची खबर नसते. आमच्या मते आपल्या वस्त्यांच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ या मधल्या वीस वर्षांत आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम लोकसंख्या ११.५४ टक्के आहे आणि त्यातले बहुसंख्य लोक शहरांत राहतात. म्हणजे शेतीचे धोरण बदलले तर आपल्यातल्या थोड्यांना झळ लागते, शहराचा नकाशा बदलला तर बहुतेकांना. म्हणूनच हा नकाशा कोण करतो, कसा करतो आणि त्याचे हात कुठे बांधलेले असतात, हे नीट समजून घेऊ.

हा माणूस दिवसभर करतो काय?

महाराष्ट्रात शहर नियोजनाचा कायदा १९६६ चा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव, कार्यालयात सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. प्रत्येक शहराने आपला विकास आराखडा करायचा आणि वीस वर्षांत किमान एकदा त्याची उजळणी करायची, असे हा कायदा सांगतो. डीपी, डीपी म्हणतात तो हाच.

आराखड्यात मुख्यत: तीन गोष्टी असतात. पहिली, झोन: कुठे राहायचे, कुठे दुकाने, कुठे कारखाने, कुठे शेती. नकाशावर रहिवासी भाग पिवळा रंगवतात, म्हणून आपल्याकडे ‘प्लॉट यलो झोनमध्ये आहे ना?’ असे विचारतात. दुसरी, आरक्षण: शाळा, दवाखाना, मैदान, बाजार, बगीचा यांसाठी राखलेली जागा. तिसरी, रस्त्यांच्या रेषा. आज जिथे बारा फुटांची गल्ली आहे तिथे नकाशावर चाळीस फुटांचा रस्ता असू शकतो. ‘आमच्या घरावरून डीपी रोड गेलाय’ म्हणतात तो हाच.

नगररचनाकाराच्या टेबलावर रोज याच नकाशाचे तुकडे येतात. कुणाला झोन दाखला हवा असतो, कुणाला भाग नकाशा. बिल्डर ले-आउट घेऊन येतो. शेतकऱ्याला जमीन बिनशेती करायची असते. कुणाची तक्रार असते की शेजाऱ्याने रस्त्याच्या रेषेत भिंत घातली. मग जागेवर जाऊन पाहणी, मोजणी नकाशाशी पडताळणी, अभिप्राय, फाईल वर. शिवाय माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टात द्यायची प्रतिज्ञापत्रे, मंत्रालयातून आलेली पत्रे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे, त्यामुळे आजकाल बरेचसे काम त्या जाडजूड नियमावलीत बोट घालून चालते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू. झोन बदलणे किंवा आरक्षण उठवणे हे या अधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसते. मंजूर आराखड्यात छोटासा बदल करायचा तरी कलम ३७ प्रमाणे ठराव, जाहीर सूचना, हरकती आणि शेवटी शासनाची मंजुरी असा रस्ता आहे. ‘साहेबांशी बोललोय, आरक्षण उठवून देतो’ असे सांगून पैसे मागणारा मधला माणूस बहुतेक वेळा स्वत:च्याच खिशासाठी बोलत असतो.

पहिला नकाशा: आज जमिनीवर काय आहे?

नवा आराखडा कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. कलम २५ प्रमाणे आधी सर्वेक्षण होते आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आज कुठे घर, कुठे गोदाम, कुठे मशीद, कुठे मोकळी जागा, हे त्यात दाखवतात. पुढचे सारे गणित यावर चालते. जी जागा इथे ‘मोकळी’ दिसली, तिच्यावर पुढे आरक्षण पडण्याची शक्यता सर्वात जास्त.

या पायरीवर चूक झाली की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी विद्यमान वापराचे नकाशे आधी जाहीर झाले. नागरिकांनी आणि अभ्यासकांनी त्यातल्या ढिगाने चुका दाखवल्या. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या मसुद्यात चुका राहिल्याच. साठ हजारांहून जास्त हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून अंमल सुरू झाला. देशातली सर्वात श्रीमंत महापालिका, हाताशी सल्लागार आणि उपग्रहाची चित्रे. तिची ही गत, तर लहान नगरपरिषदेत काय होत असेल याचा अंदाज करा.

आपल्या मोहल्ल्यात ही अडचण दुप्पट होते. मशीद घरपट्टीच्या वहीत एखाद्या बुजुर्गाच्या नावाने ‘घर’ म्हणून नोंदलेली असते. मदरसा भाड्याच्या दोन खोल्यांत चालतो. कब्रस्तान शंभर वर्षांपासून वापरात असते, पण सातबाऱ्यावर कब्रस्तान असा शब्द नसतो. कुठे ‘पड’ तर कुठे ‘सरकार’ लिहिलेले असते. जुन्या कबरींवर गवत वाढलेले, कुंपण पडलेले. सर्वेक्षण करणारा पोरगा गावातला नसतो. त्याच्या हातात टॅब असतो आणि दिवसाला अमुक इतक्या मिळकती उरकायच्या असतात. त्याला मोकळे मैदान दिसते. तो ‘मोकळी जागा’ भरतो आणि पुढे जातो. त्यात द्वेष असेलच असे नाही. पण नकाशावर कब्रस्तान पुसले गेले ते गेलेच.

६ जून २०२५ ला वक्फ मिळकतींसाठी उमीद पोर्टल सुरू झाले. त्यानंतर कागद शोधण्याची जी धावपळ झाली, ती अनेक ट्रस्टींना आठवत असेल. गॅझेटची प्रत एका कपाटात, मोजणी नकाशा दुसऱ्याकडे, फेरफार कुणीच काढलेला नाही. वक्फच्या नव्या कायद्याबद्दल समाजाचे आक्षेप आहेत आणि ते न्यायालयापुढे आहेत. तो वाद आपल्या जागी. पण त्या निमित्ताने गोळा झालेली कागदांची फाईल पुन्हा कपाटात जाऊ देऊ नका. आराखड्याचे काम निघाले की नगररचना विभागालाही नेमके हेच कागद लागतात.

वर माणसे, खाली माग

नगररचनेचे जुने शास्त्र सांगते की राहणे वेगळे, काम वेगळे. घराशेजारी कारखाना नको. धूर, आवाज, आग यांचा विचार केला तर त्यात तथ्य आहे. पण भिवंडी किंवा मालेगावात चक्कर मारा. खाली यंत्रमाग, वर कुटुंब. दिवसरात्र खडखडाट. त्या आवाजावर हजारो घरांची चूल पेटते. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की मुस्लिम कामगारांत स्वत:चा छोटा धंदा आणि घरबसल्या काम करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. शिवणकाम, जरी, बेकरी, गॅरेज, भंगार: हे सारे धंदे घराला चिकटून चालतात.

अशा भागावर नगररचनाकाराने कोणता रंग भरायचा? सगळा पिवळा केला तर माग बेकायदा. सगळा जांभळा, म्हणजे औद्योगिक, केला तर घरांना परवानगीची मारामार. कागदावर तोडगा सोपा दिसतो: धंदे शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत न्या. पण ज्याच्याकडे चारच माग आहेत आणि ज्याची बायको-आई कांड्या भरून हातभार लावतात, तो शहराबाहेर गाळा घेणार कसा?

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. दाटीच्या गल्लीत गोदामाला आग लागली आणि बंब आत शिरू शकला नाही, तर जीव आपल्याच लेकरांचा जातो. त्यामुळे ‘आहे तसे राहू द्या’ ही मागणी पुरी पडत नाही. मागणी नेमकी हवी: मिश्र वापराचा पट्टा, किती अश्वशक्तीपर्यंतची यंत्रे घरात चालतील याची मर्यादा, बंब फिरू शकेल एवढे काही रस्ते, रसायने आणि भंगाराच्या गोदामांसाठी वेगळी जागा. अशी मागणी घेऊन गेलात तर नगररचनाकाराला काहीतरी लिहिता येते. नुसते निवेदन आणि फोटो त्याच्या काही कामाचे नाहीत.

कब्रस्तान: आरक्षण पडले म्हणजे जागा मिळाली का?

मय्यत झाली की मातीला जागा लागते, आणि ती त्याच दिवशी लागते. अंत्यविधीसाठी जागा पुरवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, कायद्यातच तसे लिहिले आहे. तरीही मुंबईच्या पूर्व उपनगरांत काय झाले पाहा. गोवंडी-देवनार भागातले कब्रस्तान अपुरे पडले म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. देवनारच्या चालू कब्रस्तानालगतची जागा, रफीक नगरच्या जुन्या कचराभूमीलगतची जागा आणि काही किलोमीटर लांब आणिक गावातली जागा, अशा तीन जागांवर २०२३-२४ मध्ये न्यायालयात चर्चा चालली. जून २०२४ मध्ये खंडपीठाने पालिकेला चांगलेच खडसावले. मृतांचा सन्मानाने अंत्यविधी होणे हा इतर हक्कांइतकाच महत्त्वाचा हक्क आहे, असा त्याचा आशय होता.

कोर्ट ओरडले तरी जागा लगेच का मिळत नाही? कारण नकाशावर आरक्षण टाकणे ही फक्त पहिली पायरी. जमीन खासगी मालकाची असेल तर ती संपादन करावी लागते. पैसे द्यायचे, किंवा मालकाला त्या बदल्यात टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क द्यायचा. मालकाला टीडीआर नको असेल आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात पैसे नसतील, तर फाईल पडून राहते.

आणि घड्याळ चालूच असते. कलम १२७ प्रमाणे आराखडा मंजूर होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पालिकेला त्यावर २४ महिने मिळतात. तेवढ्या काळात संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. मग मालक तिथे टॉवर बांधू शकतो आणि त्यात बेकायदा काही नसते. कब्रस्तानाचे, शाळेचे, मैदानाचे आरक्षण असे हातातून निसटते, आणि मोहल्ल्याला खबर लागते ती पाया खोदायला मशीन आल्यावर.

म्हणून नव्या नगरसेवकाला विचारायचा प्रश्न ‘कब्रस्तान कधी देणार?’ हा नाही. विचारा: आपल्या प्रभागात कोणती आरक्षणे आहेत? किती वर्षे झाली? कलम १२७ ची नोटीस कुठल्या जागेवर आली आहे का? यंदाच्या अंदाजपत्रकात संपादनासाठी किती तरतूद आहे? उत्तर लेखी मागा. एका आठवड्यात कळेल की नगरसेवक काम करतो की फक्त फ्लेक्स लावतो.

हरकत कशी असावी?

मसुदा आराखडा तयार झाला की कलम २६ प्रमाणे राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. नकाशे पाहण्यासाठी ठेवतात. सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना द्यायची. मुदत फार नसते, साधारण महिना ते दोन महिने. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. म्हणजे निवडून आलेले प्रतिनिधी इथे थेट बसतात. प्रशासकाच्या काळात ही खुर्ची लोकांच्या हातात नव्हती; आता पुन्हा आली आहे.

या सुनावणीत आपल्या वस्त्यांतून काय जाते? बहुधा एकच छापील निवेदन आणि खाली पाचशे सह्या. मजकूर: ‘आमच्या समाजावर अन्याय झाला आहे, तरी न्याय मिळावा.’ त्यामागच्या भावना खऱ्या असतात. पण समितीला त्या कागदावरून निर्णय लिहिता येत नाही. कुठल्या सर्व्हे नंबरवर कोणता प्रस्ताव आहे, तो का चुकला आणि पर्याय काय, हे त्यात नसते.

चांगली हरकत दोन पानांची असते. वर शीट नंबर, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक. मग वस्तुस्थिती: इथे अमुक सालापासून कब्रस्तान आहे, सोबत सातबारा, मोजणी नकाशा, वक्फ मंडळाची नोंद, दफनाची वही, आजचे फोटो. मग मागणी: ‘विद्यमान वापर कब्रस्तान असा दाखवावा.’ रस्ता घरांवरून जात असेल तर किती घरे जातात ते मोजून लिहा, आणि रेषा दहा फूट सरकवली तर किती वाचतात तेही नकाशावर दाखवा. समितीला नेमके हेच हवे असते. पाचशे सह्यांच्या निवेदनापेक्षा अशा वीस हरकती भारी पडतात.

कायद्याबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. आराखड्यात काय काय असू शकते याची यादी कलम २२ मध्ये आहे. शाळा, रुग्णालये, बाजार, सांस्कृतिक संस्था यांच्या जोडीने त्यात धार्मिक इमारतींचाही उल्लेख आहे. म्हणजे नव्या वसाहतीत मशिदीसाठी, मंदिरासाठी किंवा चर्चसाठी जागा सुचवणे हे नियोजनाच्या चौकटीतले बोलणे आहे. वस्ती वाढत असताना जागा मागायची नाही आणि मग शुक्रवारी रस्त्यावर सफा लागल्या की वाद ओढवून घ्यायचा, यापेक्षा आराखड्याच्या वेळी मागणी नोंदवणे केव्हाही बरे.

पाडकाम आणि न्यायालय

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर महत्त्वाचा निकाल दिला. कुणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणांसह लेखी आदेश हवा. या निकालाने समाजाला दिलासा मिळाला, आणि तो रास्त आहे.

पण तोच निकाल नीट वाचा. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात सांगितले की बांधकाम जुने झाले किंवा अधिकारी गप्प बसले, एवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे: न्यायालय तुम्हाला नोटीस आणि सुनावणी मिळवून देईल, कागद मिळवून देणार नाही.

२०२५ च्या मध्यात छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) रस्ता रुंदीकरणासाठी मोठी पाडापाडी झाली. त्यात सर्व समाजाच्या लोकांची दुकाने-घरे गेली. अशा वेळी ज्याच्याकडे परवानगी आणि मिळकत पत्रिका असते तो मोबदला मागू शकतो. ज्याच्याकडे शंभराच्या स्टॅम्पवरचे खरेदीखत असते, तो फक्त रडू शकतो.

गुंठेवारीत प्लॉट घेतलेल्या कुटुंबांसाठी २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करण्याची वाट खुली केली. सरकारी जागेवरचे अतिक्रमण त्यात बसत नाही. पण स्वत:च्या पैशाने प्लॉट घेतलेल्या हजारो कुटुंबांना तो लागू होऊ शकतो. शुल्क भरावे लागते, आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्यावा लागतो. ‘कोण बघतंय’ म्हणून पुढे ढकललेले काम मुलाबाळांच्या डोक्यावर येते.

टेबलापलीकडे आपली पोरं का नाहीत?

सच्चर समितीच्या अहवालात आयएएसमध्ये मुस्लिमांचे प्रमाण ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के दाखवले होते. त्यानंतर स्पर्धा परीक्षांच्या मोफत कोचिंगची चळवळ उभी राहिली, ही चांगली गोष्ट. पण आपल्या घरांत सरकारी नोकरी म्हणजे कलेक्टर, पोलीस नाहीतर मास्तर. नगररचनाकार हे पद असते, हेच बऱ्याच अम्मी-अब्बांना माहीत नसते.

रस्ते अनेक आहेत. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा नियोजनासाठीचा वेगळा पेपर देऊन चार वर्षांची बी.प्लॅन पदवी करता येते. स्थापत्य अभियांत्रिकी किंवा आर्किटेक्चर केलेल्यांना दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आहे: दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग, पुण्याचे सीओईपी, नागपूरचे व्हीएनआयटी, अहमदाबादचे सेप्ट. दिल्लीच्या जामिया मिल्लियातही या विषयाचा विभाग आहे. सहायक नगररचनाकार आणि नगररचनाकार ही पदे एमपीएससीतून भरली जातात. डिप्लोमा केलेल्यांसाठी रचना सहायक आणि आरेखनाचा कोर्स केलेल्यांसाठी अनुरेखक अशी पदे आहेत. राज्याच्या नगररचना विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल करून दुबईची वाट पाहणाऱ्या कितीतरी पोरांनी, आणि पोरींनीही, या जाहिरातींकडे लक्ष ठेवायला हवे.

तिथे बसलेला ‘आपला माणूस’ आपली कामे गुपचूप करून देईल, अशी आशा कुणी ठेवू नये. तसे त्याने करूही नये. त्याच्यावर एका बाजूने बिल्डरचा, दुसऱ्या बाजूने पुढाऱ्याचा दबाव असतो. नियमात न बसणारी फाईल परत पाठवली की बदलीची धमकी, सही केली की उद्या चौकशी. नातेवाईक म्हणतील, ‘तू असून आमचं काम होत नाही.’ मोहल्ल्यातले बेकायदा मजले त्यालाही मोजावे लागतील. एवढे सोसायची तयारी असेल तरच या वाटेला जावे.

मग फायदा काय? फायदा असा की सर्वेक्षणाच्या नकाशावर गवताळ जागा दिसली, तर तिच्यावरचे दगड कबरींचे आहेत हे त्याला कळेल. खाली माग आणि वर घर म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. आदिवासी पाड्यातून आलेला नगररचनाकार देवराई ओळखतो, कोळीवाड्यातून आलेला मासे वाळवायची जागा ओळखतो, तसेच हे. नकाशा करणाऱ्यांच्या खोलीत जितक्या प्रकारच्या वस्त्यांतून आलेली माणसे असतील, तितका नकाशा जमिनीच्या जवळ जाईल. त्यात शहराचेच भले आहे.

यंदा करता येतील अशी कामे

मशीद ट्रस्ट, जमात किंवा मोहल्ला कमिटी कुणीही ही कामे करू शकते. खर्च फार नाही.

एक, आपल्या भागाच्या मंजूर आराखड्याची प्रत आणि भाग नकाशा विकत घ्या आणि मशिदीच्या किंवा शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लावा. आपले घर कुठल्या झोनमध्ये आहे, कुठून रस्ता जातो, हे प्रत्येकाला दिसू द्या.

दोन, मशीद, मदरसा, कब्रस्तान, ईदगाह, शाळा यांची एकेक फाईल करा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, वक्फ किंवा धर्मादाय नोंद, घरपट्टी. वापराची नोंद चुकीची असेल तर आताच दुरुस्तीचा अर्ज द्या. मोजणी बाकी असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरा.

तीन, आपल्या शहराचा आराखडा कोणत्या पायरीवर आहे, हे माहिती अधिकारात विचारा. सर्वेक्षण चालू असेल तर मोहल्ल्यातली दोन शिकलेली पोरं सर्वेक्षकाबरोबर फिरवा. त्याला चहा पाजा, जागा दाखवा. यात काही गैर नाही. उलट त्याचे काम सोपे होते.

चार, एक आर्किटेक्ट, एक वकील आणि एक निवृत्त तलाठी किंवा भूमापक अशा तिघांची छोटी टीम करा. समाजात अशी माणसे आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही एवढेच. शेजारच्या वस्तीतल्या बिगर-मुस्लिम रहिवाशांनाही सोबत घ्या. डीपी रोड जात विचारून घरावरून जात नाही, आणि एकत्र गेलेल्या हरकतीचे वजन वेगळेच असते.

पाच, दहावी-बारावीच्या मुलांच्या करिअर मेळाव्यात एकदा तरी नगररचना विभागातल्या अधिकाऱ्याला बोलवा. तो कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नका, तो काम काय करतो ते मुलांना ऐकू द्या.

निवडणुकीचा गुलाल अजून वाळलेला नाही. नगरसेवक अजून फोन उचलतात. पहिल्या अंदाजपत्रकाची चर्चा होण्याआधी आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी त्यांच्या हातात पडली पाहिजे. ही यादी काढायला नगररचना विभागात एक अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज या सोमवारी देता येईल.